हजर, हुजूर आणि महजर

वर्गात शिक्षकाने नाव पुकारावे आणि विद्यार्थ्याने ‘प्रेझेंट’ म्हणून उत्तर द्यावे, हा परिपाठ आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की, तो शब्द परका आहे ह्याची जाणीवही आता कोणास होत नाही. प्राथमिक शाळेत ‘हजर’ म्हणणारा मुलगा हायस्कुलात गेला की ‘प्रेझेंट’ म्हणू लागतो, आणि पुढे एखाद्या मंडळाचा चिटणीस होऊन सभेचा वृत्तांत लिहू लागला की, ‘पुढील सभासद उपस्थित होते’ असे लिहितो. एकाच गोष्टीसाठी तीन शब्द. एक अरबी, एक लॅटिन कुळातला आणि एक संस्कृत. तिघांचा अर्थ कोशात एकच सापडेल. परंतु कोश शब्दाचा अर्थ सांगतो, त्याचे चरित्र सांगत नाही. आणि ह्या तीन शब्दांपैकी ‘हजर’ ह्या शब्दाचे चरित्र म्हणजे आपल्या ह्या कृष्णाकाठच्या मुलखाच्या तीनशे वर्षांच्या राज्यव्यवहाराचे चरित्र होय, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

प्रथम इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘प्रेझेंट’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला व त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘प्रे’ म्हणजे पुढे आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. जो डोळ्यांपुढे आहे तो ‘प्रेझेंट’. परंतु ज्या ‘प्रेएस्से’ क्रियापदापासून हे रूप आले, त्याचा लॅटिनमधील दुसरा आणि वजनदार अर्थ अग्रभागी असणे, अधिकार चालविणे असा आहे. सैन्याच्या किंवा प्रांताच्या ‘पुढे असणारा’ तो त्याचा अधिकारी. हे ऐकून मराठी वाचकास आपल्या घरचा एक शब्द आठवला पाहिजे. फार्सी ‘पेश’ म्हणजे पुढे. त्यापासून ‘पेशवा’, म्हणजे पुढे असणारा, अग्रेसर. वैदिक भाषेतील ‘पुरोहित’ हाही पुढे ठेवलेलाच. आणि आमच्या कवठे महांकाळ तालुक्यातून वाहत जाऊन पुढे कृष्णेस मिळणाऱ्या नदीचे नाव ‘अग्रणी’. तिचाही शब्दार्थ पुढे चालणारी असाच होतो, मग उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्याऐवजी वाळू का दिसेना! साम्य येथेच संपत नाही. इंग्रजीत ‘प्रेझेंट’ म्हणजे नजराणाही. कारण देण्याची वस्तू मोठ्या माणसापुढे नेऊन मांडावयाची असते. फार्सीत हाच प्रकार ‘पेशकश’ ह्या शब्दात झाला आहे. टायबर नदीकाठचा माणूस आणि इराणातला माणूस ह्यांनी एकमेकांस न विचारता एकाच चित्रावरून दोन्ही शब्द घडविले.

‘अटेंड’ ह्या दुसऱ्या इंग्रजी शब्दाचा प्रवास निराळा आहे. लॅटिन ‘तेंदेरे’ म्हणजे ताणणे. ‘अद्’ म्हणजे कडे. मन एखाद्या गोष्टीकडे ताणणे, म्हणजे लक्ष देणे, हा त्याचा मूळ अर्थ. फ्रेंचांनी त्याचा अर्थ वाट पाहणे असा केला. इंग्रजांनी लक्ष देणे, वाट पाहणे, चाकरीस तिष्ठत उभे राहणे आणि शेवटी नुसते हजर असणे, असे चारही अर्थ ठेवून घेतले. आज आपल्या कॉलेजातील ‘अटेंडन्स’मध्ये त्यांपैकी शेवटचाच तेवढा उरला आहे. मन ताणल्याखेरीजही अटेंडन्स लागतो, हे प्राध्यापकाइतके कोणास ठाऊक असणार!

आता ‘हजर’. ह्याचे मूळ अरबी ‘हाजिर’. परंतु अरबीत त्यातील ‘ज’ हा ज नव्हेच. अरबी वर्णमालेत ‘दाद’ नावाचे एक अक्षर आहे. त्याचा उच्चार परक्यास साधणे इतके कठीण की, अरब लोक अभिमानाने आपल्या भाषेस ‘दादची भाषा’ म्हणतात. इराण्यांना तो साधला नाही. त्यांनी सरळ त्याचा ‘झ’ केला, आणि तो फार्सीवाटे दख्खनेत उतरल्यावर आम्ही त्याचा ‘ज’ केला. ‘हाजिर’मध्ये तालव्य ज कायम राहिला, तर रोजच्या बोलण्यातील ‘हजर’मध्ये तो दंत्य झाला. ह्या एका अक्षराच्या खुणेवरून किती शब्दांची ओळख पटते पाहा. अर्ज, मर्जी, रजा, राजी, काजी, जामीन, जिल्हा, ह्या साऱ्यांतील ज मूळचा दादच आहे. कचेरीच्या हजेरीपटावर हजर आणि रजा हे शब्द शेजारी शेजारी बसतात. दोघेही एकाच अक्षराचे आश्रित. ‘रजा’ म्हणजे संमती, राजीखुशी. वरिष्ठ राजी झाला म्हणजे रजा मिळते. त्याच राजीपणावरून ‘राजीनामा’ हा शब्द निघाला. मराठेशाहीत तंट्यातील दोन्ही पक्षांनी ‘जो निवाडा होईल तो आम्हांस मान्य’ असे लिहून द्यावयाचे, तो राजीनामा. आज त्याच कागदाने मनुष्य नोकरी सोडतो, आणि बहुधा राजी नसताना सोडतो.

‘हजर’ ज्या धातूपासून आला, त्याच्या पोटी अरबीत आणखी एक अर्थ आहे, तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे. ‘हदर’ म्हणजे एका जागी वस्ती करून राहिलेले लोक. त्यांच्या उलट ‘बदू’, म्हणजे उंट घेऊन वाळवंटात फिरणारे. जो स्थिर तो हजर. जो फिरता तो गैरहजर. अरबीत संस्कृती ह्या अर्थाचा शब्दही ह्याच धातूवरून झाला आहे. ह्याच धातूचे दुसरे रूप ‘हजरत’. त्याचा मूळ अर्थ सान्निध्य. मोठ्या पुरुषाचे नाव घेण्याऐवजी त्याच्या सान्निध्याचे नाव घ्यावयाचे, जसे संस्कृतात आचार्यांऐवजी आचार्यपाद म्हणतात. तिसरे रूप ‘हुजूर’, तेही सान्निध्यच. आणि चौथे ‘महजर’. ही चार भावंडे दख्खनेत आली, आणि त्यांपैकी शेवटच्या दोघांनी येथे जो संसार थाटला तो पाहण्यासारखा आहे.

महजर म्हणजे काय, हे इतिहाससंशोधकांस सांगावयास नको; परंतु सामान्य वाचकाने हा शब्द ऐकला असला तरी त्याचा हजेरीशी काही संबंध असेल अशी शंका त्यास येत नाही. गावच्या पाटिलकीचा, कुलकर्णाचा, किंवा शिवेचा तंटा उभा राही. दोन भाऊबंद ‘वतन माझे’ म्हणून भांडत. दिवाणात, म्हणजे सरकारदरबारी, फिर्याद गेली तरी निवाडा एकट्या अंमलदाराने करावयाचा नसे. त्यासाठी गोत बसवावे लागे. गोत म्हणजे केवळ जातभाई नव्हेत. परगण्याचे देशमुख-देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, पेठेचे शेटे-महाजन आणि गावचे बलुतेदार मिळून गोत होई. दोन्हीकडच्या तकरिरी ऐकावयाच्या, साक्षी घ्यावयाच्या, जुने कागद पाहावयाचे. त्याने उलगडा न झाला तर दिव्यापर्यंत जावयाचे. मग जो निवाडा ठरे तो एका लांब कागदावर लिहीत. कागद पुरेना झाला की दुसरा डकवीत. ह्या कागदाच्या प्रारंभी शक, महिना, तिथी येई, आणि नंतर लगेच ‘हाजीर मजालस’ म्हणून त्या सभेस कोण कोण बसले होते त्यांची यादी. हा कागद म्हणजे महजर. धातूवरून पाहिले तर महजर म्हणजे हजर असण्याची जागा किंवा हजर असणाऱ्यांचे पत्र. निवाडा त्यात असतो खरा, पण त्याचे नाव निवाड्यावरून पडलेले नाही. ते सभेस बसलेल्या माणसांवरून पडले आहे.

ही गोष्ट लहान नव्हे. आजच्या कोर्टाच्या निकालास ज्या नावांनी संबोधतात ती न्यायाधीशाच्या कृतीवरून पडली आहेत. त्याने हुकूम केला म्हणून हुकूमनामा. महजराचे बळ हुकमात नव्हते, ते गावासमक्ष झाले ह्यात होते. कागदाच्या शेवटी ज्या निशाण्या येतात त्या पाहिल्या म्हणजे हे विशेष पटते. लिहिता येणारा कुलकर्णी किंवा देशपांडा आपल्या हाताने नाव लिही. पाटील नांगर काढी. ‘निशाणी नांगर’ हे शब्द जुन्या कागदांत शेकड्यांनी सापडतात. शेट्याचा तराजू, सुताराचा वाकस, परटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी, अशी ज्याच्या त्याच्या धंद्याची खूण. महाराचीही निशाणी त्यात असे, आणि शिवेच्या तंट्यात तर त्याच्या साक्षीचे मोल मोठे असे. कारण गावची शीव त्याच्याइतकी कोणाच्या पायांखालून गेलेली नसे. ज्याला चावडीच्या पायरीवर चढता येत नव्हते, त्याची हजेरी कागदावर मात्र लागलीच पाहिजे, असा हा विलक्षण व्यवहार होता. त्याला समता म्हणण्याचा मोह कोणी धरू नये. पंगतीत त्याला जागा नव्हती ती नव्हतीच. परंतु त्याच्या गैरहजेरीत झालेला निवाडा लंगडा ठरे, एवढी गोष्ट खरी. आणि पुढच्या शतकात ती एवढीही उरली नाही.

हरलेल्या पक्षाकडून ‘येजितखत’ म्हणून कागद लिहून घेत. म्हणजे मी हरलो हे मीच कबूल करतो. जिंकलेल्याच्या हाती महजर आणि हरलेल्याच्या हातचे येजितखत, ह्या दोन कागदांवर पिढ्यान्‌पिढ्या वतने चालली. राजवाडे ह्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. साधनांच्या अशा खंडांत हे कागद वाचताना लढायांच्या बातम्यांपेक्षा कितीतरी अधिक मराठी समाज डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यांतील भांडणे क्षुद्र आहेत, भाषा खडबडीत आहे, पण माणसे आहेत; आणि ती नावानिशी हजर आहेत.

‘हुजूर’ शब्दाची गोष्ट ह्याहून निराळी आणि थोडी दुःखाची आहे. हुजूर म्हणजे सान्निध्य, अर्थात राजाचे. ‘हुजुरास लिहिले’, ‘हुजूर बोलावले’ असे जुन्या पत्रांत येते तेव्हा तो मनुष्यवाचक शब्द नसतो. ती एक जागा असते. जेथे राजा बसला तेथे हुजूर. इंग्रजीतही राजाच्या दालनास ‘प्रेझेन्स-चेंबर’ म्हणत. जागेवरून हळूहळू त्या जागी बसणाऱ्या व्यक्तीस तो शब्द लागला आणि शेवटी कोणत्याही साहेबास ‘जी हुजूर’ म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली. मोगल दरबारात ह्या सान्निध्याचे माप पावलांनी मोजत. १६६६ च्या मे महिन्यात आग्र्यास शिवाजी महाराजांस जेथे उभे केले ती रांग त्यांस अपमानाची वाटली. आणि त्यानंतर जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. हजर कोठे व्हावयाचे आणि कोणाच्या मागे उभे राहावयाचे, ह्या प्रश्नाने हिंदुस्थानच्या इतिहासास वळण दिले असे एवढे ठळक उदाहरण दुसरे नसेल.

राजा दूर असला तर काय करावयाचे? राजाराम महाराज जिंजीस असताना त्यांनी प्रल्हाद निराजी ह्यांस ‘प्रतिनिधी’ हे नवे पद दिले. राजाच्या जागी दुसरा. पुढे प्रतिनिधींचे काम पाहण्यास त्यांचाही ‘मुतालिक’ झाला. म्हणजे गैरहजर राजाच्या ऐवजी प्रतिनिधी आणि गैरहजर प्रतिनिधीच्या ऐवजी मुतालिक. हल्ली एका मुलाच्या नावाला दुसरा मुलगा ‘प्रेझेंट’ म्हणतो त्यास विद्यार्थी ‘प्रॉक्सी’ म्हणतात. तो इंग्रजी शब्दही मुखत्यारी ह्या अर्थाच्या ‘प्रोक्युरसी’चा संक्षेप आहे. तेव्हा मुतालिकी आमच्या वर्गात अजून चालू आहे म्हणावयाची. मात्र इतिहासात ह्या मुतालिकीचा परिणाम गमतीचा झाला नाही. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारले. गादीवर रामराजे आले. पुढच्याच वर्षी प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव ह्यांनी सांगोल्याच्या ठाण्यात पाय रोवले, आणि त्यांचा मोड करण्यास सदाशिवरावभाऊ रामराजांस बरोबर घेऊन गेले. कवठे महांकाळपासून सांगोले काही फार दूर नव्हे. तेथे १७५० साली जो करार झाला त्याने राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांच्या हाती गेली. आणि तेव्हापासून ‘हुजूर’ ह्या शब्दाचे ठिकाण व्यवहारात सातारा न राहता पुणे झाले.

पुण्याचे दफ्तर ते हुजूर दफ्तर, पेशव्यांच्या जातीच्या हुकमतीतले लष्कर ती हुजुरात, त्यांच्या घोड्यांची पागा ती हुजूरपागा. ह्या शेवटच्या जागेवर १८८४ साली मुलींची शाळा निघाली, आणि आज ‘हुजूरपागा’ म्हटल्यावर घोडा कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. सातारची गादी मात्र नाहीशी झाली नव्हती. प्रत्येक नव्या पेशव्यास वस्त्रे साताऱ्याहूनच यावयाची. १७७४ साली सवाई माधवराव अवघे चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रे पुरंदरावर आली. पेशवा म्हणजे ‘पुढे असणारा’. तो पाळण्यात होता. ज्याने वस्त्रे दिली तो साताऱ्यास स्वस्थ बसविलेला होता. आणि कारभार बारभाई चालवीत होते. हजर असलेल्यांच्या हाती अधिकार नाही आणि अधिकार ज्यांच्या हाती त्यांचे नाव हुजुरात नाही, ही मराठी राज्याची उत्तरकाळची व्याधी ह्या एका प्रसंगात जितकी दिसते तितकी लढायांच्या वर्णनांत दिसत नाही.

आमच्या ह्या भागास तर हजेरीच्या प्रश्नाने फारच छळले. सरंजामदाराने सरंजाम खावयाचा तो पथक घेऊन चाकरीस हजर होण्याच्या बोलीवर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी दक्षिणेकडील पटवर्धनादी सरदार आणि पेशवे ह्यांचे वाकडे आले. पेशव्यांचे म्हणणे, हे चाकरीस येत नाहीत. सरदारांचे म्हणणे, हजर व्हावे तर घात होईल, सरंजाम जप्त होईल. दोघांचेही म्हणणे खरे होते, हीच त्यातली अडचण. शेवटी १८१२ साली एल्फिन्स्टनने मध्ये पडून पंढरपुरास तह घडविला: सरदारांनी पेशव्यांची चाकरी करावी, सनदेवाचून दाबलेला मुलूख सोडावा, आणि पेशव्यांनी त्यांच्या सरंजामास हात लावू नये, ह्या सर्वांस जामीन कंपनी. जुन्या व्यवहारात जामिनाचे प्रकार असत. पैशाबद्दल जो उभा राही तो मालजामीन. मनुष्य ठरल्या वेळी हजर होईल अशी हमी घेई तो हाजीरजामीन. पंढरपुरास कंपनी सरकार एकाच वेळी मराठी सरदारांचे हाजीरजामीन आणि मराठी राजाचे मालजामीन झाले. घरचा माणूस घरच्या माणसापुढे हजर व्हावा म्हणून परक्याची हमी घ्यावी लागली, त्या दिवशी पेशवाई निम्मी बुडाली; खडकीची लढाई त्यानंतर पाच वर्षांनी झाली, इतकेच. सांगलीकर चिंतामणराव आप्पासाहेब, ज्यांनी १८०१ साली मिरजेहून विभक्त होऊन सांगलीस ठाणे केले, ते ह्या सरदारांपैकी प्रमुख होते. त्यांच्या संस्थानाच्या सहा तालुक्यांपैकी एकाचे नाव कुची, आणि ते कुची गाव आज कवठे महांकाळ तालुक्यात आहे. ते संस्थान १९४८ साली विलीन झाले.

बाजीराव पळू लागला तेव्हा त्याने साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज ह्यांस बरोबर घेतले होते. सत्तर वर्षे ज्या गादीची केवळ वस्त्रे पुरत होती, तिचा धनी आता प्रत्यक्ष जवळ असणे निकडीचे वाटू लागले. कारण राजा जेथे तेथे राज्य, हा जुना समज लोकांच्या मनातून गेला नव्हता. १८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीस बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने त्यांना साताऱ्यास बसविले खरे. परंतु हुजूर ह्या शब्दाचे ठिकाण पुन्हा साताऱ्यास गेले नाही. ते कलेक्टराच्या कचेरीत गेले.

कंपनीच्या अमलात महजराचे काय झाले? एल्फिन्स्टन स्वतः पंचायतीच्या विरुद्ध नव्हता. तिचे दोष सांगूनही ती राखावी असेच त्याचे मत होते. परंतु १८२७ चे कायदे झाले, कोर्टे बसली, वकील आले, आणि गोत मोडले. हजर होणे हा आता गावाचा हक्क न राहता पक्षकाराची धास्ती झाली. कोर्टाचा पट्टेवाला दारात उभा राहून तीनदा ‘हाजिर हो’ म्हणून पुकारतो, त्या हाकेत महजराचाच धातू आहे. पण मजालस गेली, नुसती हाक राहिली.

ह्याहून वाईट गोष्ट पुढे झाली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला व १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्याची सोय झाली. रामोशी, बेरड, मांग, पारधी, कैकाडी अशा कित्येक जमातींतील माणसांची नावे पटावर घेतली. बोटांचे ठसे घेतले. ठरल्या वेळी पोलिसांकडे किंवा पाटलाकडे जाऊन हजेरी देणे, परगावी जावयाचे तर दाखला घेणे, हे त्यांच्या कपाळी आले. सोलापुरास तर तारेच्या कुंपणाची वसाहतच उभारली. आमच्या जिल्ह्यातील वाटेगावी जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे ह्यांच्या ‘फकिरा’ ह्या १९५९ च्या कादंबरीत ह्या हजेरीचे चित्र आले आहे, ते ज्यांनी वाचले असेल त्यांस ‘हजेरी’ हा शब्द पुन्हा निर्मळ मनाने उच्चारणे जड जाईल. चोरी केली म्हणून नव्हे, तर त्या कुळात जन्मला म्हणून हजेरी. येथे वर सांगितलेला अरबी अर्थ आठवावा: हजर तो वस्तीचा, गैरहजर तो फिरता. ज्यांचा अपराध बहुधा एवढाच होता की ते एका गावी स्थिर राहत नव्हते किंवा त्यांना शेत नव्हते, त्यांच्यावर नेमकी हजेरी लादली गेली. कायदा करणाऱ्यांस अरबी व्युत्पत्ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शब्दाने आपला अर्थ आपणच शोधून काढला. आणि ज्या समाजाची खूण शंभर वर्षांपूर्वी महजराच्या तळाशी साक्षीदार म्हणून उमटत होती, त्याच समाजाचा अंगठा आता संशयित म्हणून पटावर उमटू लागला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. कायद्याने काढलेला डाग कायद्याने पुसतो असे मात्र नाही. भटक्यांच्या पालांवर आजही पहिला संशय येतो.

हजेरीचा तिसरा अवतार दुष्काळी कामावरचा. कवठे महांकाळ, जत, आटपाडी हा पर्जन्यछायेचा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात येथील शेतकऱ्यांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. कामावर सकाळी मुकादम नावे पुकारी, त्या कागदास लोक ‘मस्टर’ म्हणत. हा शब्दही लॅटिन ‘मोन्स्त्रारे’, म्हणजे दाखविणे, ह्यापासून आलेला. मूळचा लष्करी शब्द; शिपाई आणि घोडी खरोखर आहेत की कागदावरच आहेत हे पाहण्याचा प्रकार, जो आपल्याकडे गणती म्हणून चाले. मागेल त्यास काम, ही कल्पना ज्यांनी चिकाटीने पुढे रेटली ते विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे शेजारच्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे. त्यांच्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला. मस्टरवर नाव लागणे म्हणजे घरात भाकरी येणे. स्त्रियांची नावे नवऱ्याच्या नावाखाली न बसता स्वतंत्र ओळीवर बसली, ही गोष्ट शाळेच्या हजेरीपटाखेरीज खेड्यात पूर्वी फारशी कोठे घडली नव्हती. पुढे त्यात खोटी मस्टरेही झाली. महजरात माणूस बसलेला असे म्हणून नाव येई. खोट्या मस्टरात नाव बसलेले असते, माणूस नसतो.

शब्दशुद्धीच्या चळवळीच्या काळी ‘हजर’ काढून टाकून ‘उपस्थित’ घालावा, असे पुष्कळांस वाटे. ह्या वादात माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, ह्यांचे उदाहरण मनोरंजक आहे. १९२५ साली फार्शी-मराठी कोश करून मराठीतील फार्सी शब्दांची वंशावळ ज्याने मांडली, त्यानेच १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. परके शब्द काढावयाचे तर प्रथम ते ओळखता आले पाहिजेत, हे खरेच. ‘उपस्थित’ शब्द वाईट नाही. उप म्हणजे जवळ, स्था म्हणजे उभे राहणे. आणि संस्कृतात ह्याच धातूचा अर्थ सेवेस उभे राहणे, पूजा करणे असाही होतो. संध्येतील सूर्योपस्थान म्हणजे सूर्यापुढे लावलेली हजेरीच. इंग्रजी ‘अटेंड’मध्ये आपण जे पाहिले तेच येथे. पण दीडशे वर्षांचे सारे प्रयत्न होऊनही ‘हजर’ गेला नाही, ह्याचे कारण दोहोंची कामे वाटली गेली आहेत. अध्यक्ष उपस्थित असतात, शिपाई हजर असतो. उपस्थितांचे आभार मानतात, गैरहजराचा पगार कापतात. ‘हजरजबाबी’ ह्यास ‘उपस्थितोत्तरी’ म्हणून कोणी पाहावे. ऐकणारा हसेल, आणि त्या हसण्यासच हजरजबाब म्हणतात.

आणि एका ठिकाणी तर ‘हजेरी’ने सूर्योपस्थानाचाही अर्थ आपल्याकडे घेतला आहे. मिरजेस ख्वाजा शमना मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गवई येऊन गातात, त्यास हजेरी लावणे म्हणतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस स्थायिक झाले होते. १९३७ साली ते दक्षिणेत प्रवासात असताना वारले, आणि त्यांचे दफन ह्याच दर्ग्याच्या आवारात झाले. तेव्हापासून त्यांच्या स्मरणार्थ तेथे मोठमोठे कलावंत गाऊन गेले. तेथे नाव पुकारणारा कोणी नसतो, पट नसतो, बिदागीचा प्रश्न नसतो. गाणारा आपण होऊन येतो आणि गातो. ह्या हजेरीस ‘उपस्थिती’ म्हणून पाहा, सूर लागणार नाही.

जून उजाडला की, आमच्याकडील वर्तमानपत्रांत ‘तालुक्यात पावसाची हजेरी’ असा मथळा येतो. आला तर दोन ओळी. न आला तर तीन रकाने. बातमीदार पावसास असे लिहितो, जसा काही तो कचेरीतला कारकून आहे आणि उशिरा आल्याबद्दल त्याचा खुलासा घ्यावयाचा आहे. म्हैसाळच्या योजनेने कृष्णेचे पाणी वर चढविले तेव्हापासून द्राक्षबागा वाढल्या, आणि अवेळी आलेल्या त्याच हजेरीने बागाइतदाराची झोप उडते. कुणबी मात्र अजून पावसास हजर किंवा गैरहजर म्हणत नाही. तो ‘आला’ किंवा ‘न्हाई आला’ एवढेच म्हणतो.